स्वस्त घासाचे मोल

जगातील अतिमहाग शहरांच्या यादीत सिंगापूरचे नाव नेहमी वरच्या चार-दोन ओळींत सापडते. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' समूहाने २०२३ साली निरनिराळ्या शहरांतील राहणीखर्चाची तुलना केली, तेव्हा झुरिक आणि सिंगापूर यांना पहिले स्थान विभागून मिळाले होते. त्या बेटावर मोटार घ्यायची म्हटली तर आधी ती दहा वर्षे बाळगण्याचा परवाना लिलावात विकत घ्यावा लागतो आणि त्या परवान्याचीच किंमत अलीकडच्या वर्षांत एक लाख सिंगापुरी डॉलरच्या वर गेलेली आहे. मोटारीचे पैसे निराळे. अशा शहरात, भर बँकांच्या आणि मोठमोठ्या कचेऱ्यांच्या वस्तीत, दुपारी बारा वाजता चार-पाच डॉलरांना नूडल्सचा वाफाळता वाडगा मिळतो. आपल्या हिशेबाने तीनशे रुपये धरा. पलीकडच्या वातानुकूलित उपाहारगृहात गेले तर पदार्थाची मूळ किंमत त्याच्या तिप्पट-चौपट, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पुन्हा नऊ टक्के सरकारी कर.

हा वाडगा जिथे मिळतो त्या जागेला तिकडे 'हॉकर सेंटर' म्हणतात. वर छप्पर, चारी बाजूंनी उघडा असा एक मोठा मंडप. आत लहान लहान गाळ्यांच्या रांगा आणि मध्ये सर्वांना सामाईक टेबले. मॅक्सवेल रोड, आमॉय स्ट्रीट, हाँग लिम, चायनाटाउन कॉम्प्लेक्स ही त्यांपैकी शहराच्या मध्यभागातली काही ठिकाणे. एकेका गाळ्यावर बहुधा एकच पदार्थ, तोच वर्षानुवर्षे. तिथल्या चिनी बोलीत नूडल्सला 'मी' म्हणतात, त्यामुळे 'वाँटन मी', 'बाक चोर मी', 'होक्कीन मी' असे फलक वाचताना मराठी माणसाला क्षणभर हसू यावे. 'मी गोरेंग' नावाचा जो तांबडा, तिखट, परतलेला प्रकार आहे तो तर तमिळ मुसलमानांनी तिकडे रूढ केला. जेवायची जागा धरून ठेवण्यासाठी टेबलावर कागदी रुमालांचे एक पाकीट ठेवायचे आणि निर्धास्तपणे रांगेत जाऊन उभे राहायचे, ते पाकीट कोणी उचलत नाही, हा तिथला अलिखित कायदा. कोणत्या गाळ्यावर अजून साडेतीन डॉलरांत वाडगा मिळतो, कुठे मासळीचे गोळे चारऐवजी पाच घालतात, कुठे बाराच्या आत गेले तर रांग नसते, ही माहिती कचेऱ्यांतून एकमेकांना मोठ्या मायेने दिली जाते. ज्याला अशी जागा ठाऊक असते त्याचा थोडा मानही असतो.

हा मान कशाबद्दल असतो, याचा विचार करताना मला एक प्रश्न पडला. स्वस्त वस्तू शोधून काढल्याचा आनंद हा सर्वांच्या परिचयाचा आहे; तो निरुपद्रवी आहे असेच आपण धरून चालतो. काटकसर हा तर गृहिणीचा आणि प्रापंचिक माणसाचा गुणच समजला जातो, आणि समजला जावा. परंतु महाग शहरात एखादी वस्तू स्वस्त मिळते म्हणजे तिला लागणारा खर्च नाहीसा झालेला नसतो. जागा, इंधन, मांस, मीठ, माणसाचे श्रम ही सारी त्या शहराचीच असतात. मग उरलेले पैसे कोण भरतो? आणि तो कोण हे कळल्यावर आपल्या घासाची चव बदलावी की नाही?

उत्तराचा पहिला भाग पुष्कळ समाधान देणारा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास सिंगापूरच्या रस्त्यांवर हजारो फेरीवाले होते. गटारांच्या कडेला भांडी घासली जात, पटकीची भीती असे, पोलीस आले की गाड्या घेऊन पळापळ होई. मुंबईकराला हे चित्र समजावून सांगायला नको. १९६८-६९ मध्ये सरकारने या सर्वांची नोंदणी केली आणि सत्तरच्या दशकापासून त्यांच्यासाठी नळ, वीज, गटारे असलेले मंडप बांधायला घेतले. १९८६ पर्यंत सुमारे १८,००० फेरीवाले छपराखाली आले. त्यांना हाकलून दिले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. रस्त्यावरून आलेल्या त्या पहिल्या पिढीला भाडेही नाममात्र लावण्यात आले. ज्या वस्तीत दुकानाच्या एका खणाला हजारो डॉलर मोजावे लागतात तिथे यांचा गाळा महिना दोन-तीनशे डॉलरांत. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने ही हॉकर संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली.

म्हणजे वाडगा स्वस्त आहे याचे एक कारण असे की, त्या जागेचे खरे भाडे समाजाने सोडून दिले आहे. सर्वांच्या मालकीची जमीन सर्वांच्या पोटासाठी वापरली आहे. यात मला ख्रिस्ती विचाराशी विसंगत असे काही दिसत नाही. उलट पृथ्वीवरील वस्तू मुळात सर्वांसाठी आहेत, खासगी मालकीचा हक्क त्यानंतरचा, ही जी ख्रिस्तसभेची जुनी शिकवण, तिचाच हा एक व्यावहारिक पाठ म्हणता येईल. असा वाडगा बँकेचा अधिकारी आणि झाडूवाला एकाच टेबलावर बसून खातात, त्यातही काही शोभा आहे.

पण हिशेब इथे संपत नाही. पहिल्या पिढीचे लोक आता थकले आहेत, अनेक जण गेले. त्यांचे गाळे नव्या माणसाला नाममात्र भाड्याने मिळत नाहीत. ते निविदा मागवून दिले जातात. अगदी थोडक्या रकमेची निविदाही कुठे कुठे मंजूर होते हे खरे, पण २०२४ साली एका गाळ्यासाठी महिना दहा हजार डॉलरांहून अधिक बोली लागली. आणि भाडे हा खर्चातला मोठा भाग नव्हेच. त्याहून कितीतरी अधिक पैसा डुकराच्या मांसाला, मासळीला, तेलाला आणि पिठाला लागतो, आणि हे सारे परदेशातून येते, कारण त्या बेटावर शेती जवळजवळ नाही. असे असता वाडग्याची किंमत मात्र चार-पाच डॉलरांच्या आसपासच राहावी अशी गिऱ्हाइकांची अपेक्षा असते. मधली तूट कुठून भरून निघते?

ती म्हाताऱ्याच्या शरीरातून भरून निघते. सिंगापुरातील हॉकरांचे सरासरी वय साठीला टेकले आहे. चांगला गाळेवाला पहाटे तीन-चारला उठतो. हाडांचा रस्सा तासन् तास आधणावर ठेवावा लागतो. मासळीचे गोळे हाताने करणारा असेल तर आधी मासे सोलणे, काटे काढणे, मांस आपटून आपटून चिकट करणे आले. मग दुपारभर उकळत्या पाण्यासमोर उभे राहून एकेक जुडी नूडल्स जाळीत घालायची, काढायची, थंड पाण्यात बुडवायची, पुन्हा गरम करायची. गाळा एवढासा; त्यात पंखा असला तर असला. परदेशी कामगार ठेवण्यावर कडक बंधने आहेत आणि एवढ्या पगारावर तिथले तरुण येत नाहीत, म्हणून बहुधा नवरा-बायको दोघेच. दिवसाला बारा-चौदा तास. त्या तासांचा पगार त्यांनी स्वतःला लावून पाहिला तर वाडगा चार डॉलरांचा राहणार नाही. तो लावला जात नाही, म्हणून तो चार डॉलरांचा आहे.

२०१६ साली मिशेलिन या फ्रेंच कंपनीने सिंगापूरच्या उपाहारगृहांची पहिली मार्गदर्शिका काढली, तेव्हा दोन हॉकर गाळ्यांना एकेक तारा देऊन जगाला चकित केले. त्यांतले एक चान हॉन मेंग, चायनाटाउन कॉम्प्लेक्समधले. सोया सॉसमधली कोंबडी भाताबरोबर किंवा नूडल्सबरोबर देणारे. भाताची थाळी त्या वेळी दोन डॉलरांना होती. जगातील सर्वांत स्वस्त तारांकित जेवण म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले आणि गाळ्यापुढे तासन् तास रांगा लागल्या. मला या कौतुकात एक बारीकसा काटा टोचतो. पॅरिसमधल्या तारांकित आचाऱ्याचे कौतुक त्याच्या हाताचे असते. चान यांचे कौतुक हातापेक्षा त्या हाताच्या स्वस्ताईचे अधिक झाले. त्यांनी दोनाचे चार डॉलर केले असते तर बातमीच उरली नसती.

खरेदीच्या नीतीचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी 'त्रैक्यावर' या आपल्या ग्रंथाच्या तेराव्या भागात एका विनोदी नटाची कथा दिली आहे. त्याने नाट्यगृहात जाहीर केले की, पुढच्या खेळाच्या वेळी तुम्हां सर्वांच्या मनात काय आहे ते मी सांगेन. ठरल्या दिवशी तोबा गर्दी झाली. नट उभा राहिला आणि म्हणाला की, तुम्हां सर्वांना स्वस्त घ्यायचे आणि महाग विकायचे आहे. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कारण प्रत्येकाला आपले मन ओळखले गेले असे वाटले. ऑगस्टीन यांना मात्र हे पटत नाही. ही इच्छा सर्वत्र दिसते म्हणून ती मनुष्याचा स्वभाव ठरत नाही, तो एक दोष आहे आणि त्यावर मात करता येते, असे ते म्हणतात, आणि आपल्या माहितीतल्या एका माणसाचा दाखला देतात. त्याला कोणी एक हस्तलिखित ग्रंथ विकायला आणला. विकणाऱ्याला ग्रंथाचे मोल ठाऊक नव्हते, त्याने फारच थोडे मागितले. घेणाऱ्याने त्याला ध्यानीमनी नसताना ग्रंथाची रास्त किंमत मोजली.

संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे हाच धागा उचलून रास्त किमतीची चर्चा केली. वस्तूच्या मोलाहून अधिक घेणे जसे अन्यायाचे, तसेच मोलाहून कमी देऊन घेणेही अन्यायाचेच, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांतला दुसरा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. व्यापाऱ्याने लुबाडले की आपण चवताळतो. गिऱ्हाईकही लुबाडू शकते हे आपल्या मनात येत नाही. अर्थात रास्त किंमत ही काट्यावर तोलून पै-पैपर्यंत सांगता येत नाही, ती अदमासाने ठरते, थोडे इकडेतिकडे झाल्याने न्याय मोडत नाही, हेही ते सांगतात. आणखी एक सुंदर बारकावा त्यांच्या विवेचनात आहे. घेणाऱ्याला त्या वस्तूपासून मोठा लाभ झाला तर विकणाऱ्याने त्याच्या गरजेचा फायदा घेऊन भाव चढवू नये. परंतु घेणाऱ्याने आपण होऊन काही अधिक दिले तर ते त्याच्या सचोटीला साजेसे आहे.

आता इथे कोणी विचारील, आणि विचारावेच: ज्याच्या खिशात चारच डॉलर आहेत त्याने काय करायचे? वसईचा किंवा मंगळूरचा एखादा तरुण तिकडे नोकरीला जातो. घरी बहिणीचे लग्न आहे, बापाचे औषधपाणी आहे. तो वीस मिनिटे चालत जाऊन एक डॉलर कमी घेणाऱ्या गाळ्यावर जेवतो. त्याला रास्त किमतीवर प्रवचन देणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. त्याच्या हातातला वाडगा हा त्याचा हक्क आहे, आणि ज्यांनी ते मंडप बांधले त्यांनी तो त्याच्यासाठीच बांधला आहे. माझा प्रश्न त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाला आहे, ज्याला पंधरा डॉलरांचे जेवण जड नाही, पण स्वस्त जागा ठाऊक असण्यात ज्याला मौज वाटते. दोन डॉलर वाचवण्यासाठी सहा डॉलर टॅक्सीला देणारे लोकही असतात, असे म्हणतात. त्यांना तर काटकसरीही म्हणता येत नाही.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाजारातल्या मांसाविषयी जे सांगितले आहे ते इथे आठवते. त्या शहरात विकले जाणारे बरेचसे मांस मूर्तीपुढे अर्पण केलेले असे आणि काही भाविक ख्रिस्ती त्यामुळे गोंधळून गेले होते. पौलाचा सल्ला असा की, बाजारात जे मिळते ते चौकशा न करता खावे. पृथ्वी आणि तिच्यातले सर्व प्रभूचेच आहे. हा मोठा मोकळेपणा आहे. प्रत्येक घासाची उलटतपासणी करीत बसणारा माणूस शेवटी घासही गमावतो आणि मनःशांतीही, हे खरेच. पण पौल तिथे थांबत नाही. जर कोणी तुम्हांला सांगितले की, हे मांस अर्पणाचे आहे, तर ज्याने सांगितले त्याच्या सद्सद्विवेकाकरिता खाऊ नका, असे तो पुढे लिहितो. म्हणजे चौकशी करीत हिंडण्याचे ओझे त्याने आपल्यावर टाकले नाही. कळल्यानंतर न कळल्यासारखे वागण्याची मुभाही दिलेली नाही. पहाटे तीनला उठणाऱ्या त्या म्हाताऱ्याविषयी ज्याला काहीच ठाऊक नाही तो मोकळा आहे. ज्याला ठाऊक झाले त्याचे काय?

त्याने वाडगा खाऊ नये असे मला म्हणायचे नाही. न खाल्ल्याने म्हाताऱ्याचे भले होत नाही, त्याची विक्री तेवढी कमी होते. जादा पैसे ठेवून जावे, तर बक्षिसी देण्याची तिथे रीत नाही. गाळेवाला हाक मारून सुटे परत करील. ऑगस्टीन यांच्या ओळखीच्या माणसापुढे एकच विक्रेता होता आणि एकच ग्रंथ, म्हणून त्याचा सद्गुण सरळ वाटेने जाऊ शकला. नूडल्सच्या रांगेत तसे होत नाही. किंमत ही एका गिऱ्हाइकाची आणि एका दुकानदाराची राहिलेली नसते. सगळ्या शहराने मिळून ती धरून ठेवलेली असते.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुरीविषयी जे सांगितले ते या ठिकाणी उपयोगी पडते. मजुराने आणि मालकाने राजीखुशीने करार केला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह तिच्यातून झाला पाहिजे, आणि गरजेपोटी त्याने कमी मजुरी पत्करली असेल तर ती बळजबरीच होय. हा विचार आपल्याला गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या संदर्भात पाठ आहे. पण हॉकर हा कोणाचा नोकर? त्याला मालक नाही, म्हणून त्याला मजुरीही नाही आणि संपही नाही. मला वाटते, त्याचा मालक ती रांग आहे. रांगेतला प्रत्येक जण त्याला पाच मिनिटांपुरता कामावर ठेवतो आणि दिवसाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून दिलेली जी काही मजुरी होते, तिला कोणीच जबाबदार नसते. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या परिपत्रकात खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे तर नैतिक कृती असते असे जे प्रतिपादन केले, त्याचा अर्थ मला या रांगेपाशी उलगडतो.

हे सारे दूरच्या बेटावरचे वाटत असेल, तर वाचकहो, आपल्या वसईच्या माणसांना या व्यवहाराची दुसरी बाजू अधिक ठाऊक आहे. आपल्या आज्या-पणज्या पहाटेच्या गाडीने भाजीच्या, फुलांच्या, केळ्यांच्या पाट्या घेऊन मुंबईला जात. दारोदार आणि बाजारात बसून विकत. विहिरीवर रहाट फिरवून, पाण्याच्या पाळ्या धरून पिकवलेली वांगी चार आणे कमी करण्यासाठी मुंबईच्या गृहिणी 'मावशी, मावशी' म्हणत पाऊण तास घासाघीस करीत, आणि मग ती भाजी किती स्वस्त मिळाली हे शेजारणीला सांगत. त्या शेजारणींच्या गप्पांत मावशीच्या मानेचा उल्लेख येत नसे. आज त्याच घराण्यांतली मुले-नातवंडे पगारदार झाली आहेत, आणि रविवारच्या मिस्सानंतर देवळाबाहेर बसणाऱ्या भाजीवालीशी, जी आता बहुधा पालघर-डहाणूकडची आदिवासी बाई असते, तीच घासाघीस त्याच शब्दांत चालते. घासाघीस करण्यात वाईट काय, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, मॉलमध्ये छापील किमतीपुढे त्यांची ही हौस कुठे जाते?

आपल्या राज्यानेही स्वस्त जेवणाचे प्रयोग केले. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आली; पुढे ती बंद पडली आणि अनेक केंद्रांच्या जागी भलतेच खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिचा खर्च शहरात पन्नास रुपये धरला होता आणि वरचे चाळीस सरकार देणार होते. हा हिशेब निदान प्रामाणिक होता: थाळी दहा रुपयांना पडत नाही हे त्यात उघडपणे मान्य केलेले होते. पण सरकारकडून येणारी रक्कम महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी २०२५ मध्ये केंद्रचालकांनी केल्या, तेव्हा ते चाळीस रुपये काही काळ तरी चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या पदरातूनच जात होते. उदारपणा जाहीर करणारा एक आणि तो निभावणारा दुसरा, असे पुष्कळदा होते.

सिंगापूरमध्ये याहून विचित्र गोष्ट घडली. तिकडे नवी काही हॉकर सेंटरे सरकार स्वतः न चालवता संस्थांकडे चालवायला देते. त्यांपैकी एका ठिकाणी गाळेधारकांच्या करारात गरजूंना काही मोफत जेवणे स्वखर्चाने देण्याची अट होती. २०२५ साली ती उजेडात आली आणि मोठा गदारोळ झाला. गरिबाला जेवू घालणे ही दयेच्या कृत्यांतली पहिली म्हणून आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण करारातल्या कलमाने, आणि तेही ज्याची स्वतःची मिळकत तुटपुंजी त्याच्याकडून, वसूल केलेली दया ही दया राहते का? देणाऱ्या हाताला नकार देण्याची मोकळीक नसेल तर त्या जेवणाला दान म्हणता येत नाही. तो एक कर असतो, आणि कर म्हणून पाहिला तर तो सर्वांत दुबळ्या खांद्यावर बसवलेला असतो. हे न कळण्याइतके ते लोक दुष्ट होते असे मला वाटत नाही. गरिबाचे भले व्हावे, आणि ते कोणाच्या तरी वेगळ्याच्या खर्चाने व्हावे, ही इच्छा सभ्य माणसांत फार आढळते.

आणि त्या शहरातले सर्वांत स्वस्त जेवण नूडल्सचे नाहीच. ज्यांनी तिथले मनोरे, भुयारी रेल्वे आणि ते हॉकर मंडपही बांधले, ते बांगलादेशाचे आणि तमिळनाडूचे मजूर चार डॉलरांचा वाडगा रोज घेऊ शकत नाहीत. ते शहराच्या कडेला मोठाल्या वसतिगृहांत राहतात. २०२० साली करोनाची साथ तिथेच सर्वांत अधिक पसरली, तेव्हा पुष्कळ सिंगापूरकरांना ती वसतिगृहे आहेत याची प्रथमच जाणीव झाली. यांतले बरेच जण कंत्राटी खानावळीचे जेवण घेतात. तिन्ही वेळचे मिळून दिवसाला चार-पाच डॉलर पडतात, म्हणजे एका वाडग्याच्या पैशांत दिवसाचे अन्न. दुपारचा डबा बहुधा रात्रीच शिजवून पहाटे पोचवलेला असतो. प्लास्टिकच्या पिशवीतला भात उन्हात दुपारपर्यंत आंबायला लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस सिंगापूरला गेले, तेव्हा तिथल्या राज्यकर्त्यांपुढे बोलताना त्यांनी त्या देशाच्या प्रगतीचे मनापासून कौतुक केले आणि स्थलांतरित मजुरांच्या प्रतिष्ठेचा व रास्त मजुरीचा विषय आवर्जून काढला. पाहुण्याने यजमानाच्या घरी जेवताना स्वयंपाकघराकडे पाहावे तसे ते होते.

हॉकरच्या बाबतीत मात्र थोडे करण्यासारखे आहे आणि ते अगदी साधे आहे. महागाई वाढली की गाळ्यावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. मालाचे भाव चढल्यामुळे नाइलाजाने अमुक तारखेपासून वाडग्याची किंमत पन्नास सेंट वाढवावी लागत आहे, क्षमस्व. चिनी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत, मोडक्यातोडक्या अक्षरात. गिऱ्हाईक ती वाचते, चेहरा पाडते, आणि कचेरीत गेल्यावर सहकाऱ्यांना सांगते की, त्या जागेत आता राम राहिला नाही, आपण दुसरीकडे जाऊ. म्हाताऱ्याने चाळीस वर्षे जे सोडले त्याबद्दल कोणी चिठ्ठी लावलेली नव्हती. रस्सा पूर्वीइतकाच वेळ उकळतो, गोळे पूर्वीइतकेच आहेत, आणि क्षमा तो मागतो आहे.